नैरोबीची माशी आणि मैंदर्गीचा किडा

२०२२ सालच्या जुलै महिन्यात सिक्कीममधील माजितार येथे एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील शंभराच्या आसपास विद्यार्थ्यांच्या अंगावर चट्टे आणि फोड उठल्याची वार्ता देशभरच्या वृत्तपत्रांनी दिली, आणि त्या वार्तेबरोबरच ‘नैरोबी फ्लाय’ हे तोपर्यंत फारसे कोणाच्या कानावर न आलेले नाव पाहता पाहता घरोघर पोहोचले. नावात नैरोबी आहे त्या अर्थी किडा आफ्रिकेतून आला असला पाहिजे, आणि नावात माशी आहे त्या अर्थी ती चावत असली पाहिजे, असा वाचकांचा ग्रह होणे स्वाभाविक होते. परंतु हा किडा माशी नव्हे, भुंगेरा आहे; तो चावून किंवा डंख मारून इजा करीत नाही; आणि त्याचे जातभाई आपल्या देशात पूर्वापार नांदत आले आहेत. राहता राहिला एक प्रश्न: दिव्याखाली सापडलेला अमुक एक किडा आफ्रिकेतील जातीचा की येथील, आणि येथील असल्यास कोणत्या जातीचा? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि त्याचे उत्तर नुसत्या नजरेने देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सरहद्दीलगत मैंदर्गी हा कसबा आहे. पाऊस वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरांच्या आसपास, तोही लहरी. जमीन काळी, पिके ज्वारी-तुरीची, आणि जेथे विहिरीचे वा बंधाऱ्याचे पाणी पोहोचले तेथे उसाची. असा हा कोरडा मुलूख पाणथळीत राहणाऱ्या किड्याला मानवणार नाही असे प्रथमदर्शनी वाटेल. पण पावसाळ्याच्या दोन चांगल्या झडी लागून गेल्या, उसाच्या सरीत ओल टिकली, की संध्याकाळी ओसरीवरच्या दिव्याभोवती घोंघावणाऱ्या पाखरांच्या गर्दीत काळ्या-केशरी पट्ट्यांचा एक सडपातळ किडा भिंतीवर लगबगीने धावताना येथेही दिसू शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरातील कोणाच्या तरी मानेवर किंवा दंडावर लाल रेघ उठते, तिच्यावर बारीक फोड धरतात, आग होते, आणि मग निदान सुरू होते. मराठी बोलणारा म्हणतो नागीण झाली, कन्नड बोलणारा म्हणतो सर्पसुत्तु, तिसरा सांगतो रात्री अंगावरून कोळी गेला असेल. सरहद्दीवरच्या गावात दोन्ही भाषा एकाच घरात बोलल्या जात असल्यामुळे ही सारी निदाने एकाच वेळी, एकाच रोग्याच्या उशाशी मांडली जातात. त्यात हसण्यासारखे काही नाही, कारण नागीण आणि हा दाह यांची गफलत वैद्यकीय दवाखान्यांतही होते. एक खूण मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे: कोपराच्या आतल्या वळणावर किडा चिरडला गेला असेल, तर हात मिटल्यावर एकमेकींना टेकणाऱ्या दोन्ही बाजूंवर, दंडावर आणि अग्रबाहूवर, एकाच आकाराचे दोन डाग समोरासमोर उमटतात. नागिणीत असे कधी होत नाही.

हा दाह घडवणारे विष किड्याच्या रक्तात असते. आपण झोपेत त्याच्यावर हात फिरवतो, तो चिरडतो, आणि ते द्रव्य त्वचेवर पसरते. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी त्याचा परिणाम दिसतो, त्यामुळे कारण आणि कार्य यांचा संबंध रोग्याला जोडताच येत नाही. ते द्रव्य बोटावरून डोळ्याला लागले तर डोळा सुजतो. पूर्व आफ्रिकेत त्या विकाराला ‘नैरोबी आय’ असे स्वतंत्र नावच पडले आहे. विषाचे नाव पेडेरिन. १९५३ साली इटलीतील पावान आणि बो या संशोधकांनी ते वेगळे काढले, आणि त्याची रासायनिक घडण उकलण्यासाठी सुमारे अडीच कोटी भुंगेरे रानातून गोळा करावे लागले. पुढे आणखी आश्चर्याची गोष्ट निष्पन्न झाली. हे विष भुंगेरा स्वतः तयार करीतच नाही. त्याच्या शरीरात वास करणारे सूक्ष्मजंतू ते तयार करतात, हे जर्मनीतील यॉर्न पील यांनी २००२ साली जनुकांच्या आधारे दाखवून दिले. मादी ते जंतू आणि ते विष आपल्या अंड्यांत उतरवते, आणि अळीला जन्मतःच त्याचे संरक्षण लाभते. जमिनीवर शिकार करीत हिंडणारे कोळी तिला तोंड लावून सोडून देतात.

आता किडा जवळून पाहावा. मेलेला असला तरी उघड्या बोटांनी न धरता कागदाच्या कडेने उचलून भिंगाखाली ठेवावा. लांबी सात ते दहा मिलिमीटर. डोके काळे, जबडे पुढे आलेले व धारदार. त्यामागचा वक्षाचा भाग लंबगोल, गुळगुळीत, भगव्या रंगाचा. त्याच्या मागे पंखांवरची कवचे. त्यांना निळसर-हिरवी धातूसारखी झाक असते, आणि भिंग जरा जवळ नेले की त्यांच्यावर दाटीवाटीने कोरलेले बारीक खळगे दिसतात. सामान्य भुंगेऱ्यात ही कवचे सबंध उदर झाकून टाकतात. येथे ती अर्ध्यावरच संपतात आणि मागचे उदर उघडे पडते. त्याचे दिसणारे पहिले चार खंड पुन्हा भगवे, शेवटचे दोन काळे. किडा धावू लागला की हे टोक वर उचलतो, म्हणून अजाण माणसाला तो विंचवाच्या जातीचा किंवा डंखाचा वाटतो. त्या आखूड कवचांखाली उडण्याचे लांब पंख घडी घालून ठेवलेले असतात. या किड्याच्या कुलातील, समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्या एका भुंगेऱ्याचे अतिवेगवान चित्रण करून जपानमधील काझुया साइतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले की डाव्या आणि उजव्या पंखाची घडी वेगवेगळ्या रीतीने पडते. एवढीशी जागा आणि एवढी मोठी घडी. निसर्गातील कारागिरीचा याहून सुंदर दाखला मला तरी आठवत नाही.

या कुलाचे शास्त्रीय नाव स्टॅफिलिनिडी. इंग्रजीत त्यांना रोव्ह बीटल म्हणतात. पृथ्वीच्या पाठीवरील प्राण्यांच्या अत्यंत मोठ्या कुलांत त्याची गणना होते, कारण आजवर नावे दिलेल्या त्याच्या जातींची संख्या साठ हजारांच्या वर गेली आहे. बहुतेक सारे पालापाचोळ्यात, शेणात, नदीकाठच्या वाळूत, अळंब्यांवर राहतात आणि कोणाच्याही अध्यात-मध्यात नसतात. दाह करणारे भुंगेरे त्यातील पेडेरस या प्रजातीचे. फाब्रिशियस या डॅनिश पंडिताने १७७५ साली ती स्थापन केली, आणि तिच्यात शेकड्यांनी जाती समाविष्ट आहेत. नैरोबीची माशी म्हणून ज्यांची प्रसिद्धी आहे त्या प्रामुख्याने दोन जाती: पेडेरस एक्झिमियस आणि पेडेरस सबेयस. १९९७-९८च्या एल निनोच्या अतिवृष्टीनंतर केनियात त्यांचा जो सुळसुळाट झाला त्यामुळे हे नाव जगभर गेले. आपल्याकडे आढळणाऱ्या जातींत पेडेरस फ्युसिपीस ही इंग्लंडपासून जपानपर्यंत आणि दक्षिणेस ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली, आणि पेडेरस मेलाम्पस ही दक्षिण हिंदुस्थानात दाहाच्या संदर्भात वारंवार उल्लेखिली जाणारी. विशेष हे की आफ्रिकेची सबेयस आणि आपली मेलाम्पस या दोन्ही जातींना एकाच माणसाने, एकाच ग्रंथात नावे दिली. तो माणूस म्हणजे बर्लिनचे विल्हेल्म फर्डिनांड एरिकसन. ग्रंथ या कुलावरचा त्यांचा लॅटिन महाग्रंथ, साल १८४०. म्हणजे या दोन जाती वेगळ्या आहेत हे विज्ञानाला सुमारे पावणेदोनशे वर्षे माहीत आहे. तरीही हिंदुस्थानातील उद्रेकांचे वर्णन करताना आपल्या वैद्यकीय नियतकालिकांत आणि वृत्तपत्रांत नैरोबीचेच नाव पुनःपुन्हा लागते, याला परदेशी नावाची सवय यापलीकडे दुसरे कारण संभवत नाही.

वेगळ्या जाती ओळखणे मात्र एरिकसनलाही सोपे नव्हते. ज्या काळ्या-भगव्या रंगाने किडा दुरून ओळखू येतो तो रंग ओळखीच्या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तो प्रजातीतील बहुतेक जातींत सामाईक आहे. पक्ष्यांना आणि कोळ्यांना ‘मी विषारी आहे’ हे बजावण्यासाठी जो इशारा द्यावयाचा तो सर्वांनी एकसारखा दिला तरच परिणामकारक होतो. इतकेच काय, भाताच्या खाचरात ओफिओनिया नावाचा जमिनीवर धावणारा एक भुंगेरा असतो; त्याचा या कुलाशी काही संबंध नाही, तरी त्याच्या अंगावर तांबडा आणि निळा-काळा रंग असाच आळीपाळीने असतो. त्याची कवचे उदर जवळजवळ पूर्ण झाकतात, एवढ्यावरून त्याला बाजूला काढता येते. पण खऱ्या पेडेरसांची आपसांत निवड करावयाची म्हणजे पायांचा रंग पाहावा लागतो: कोणाच्या मांडीचे टोक तेवढे काळे, कोणाचा पाय सबंध काळपट. शृंगिकेचे कोणते खंड गडद, डोक्याची रुंदी वक्षाच्या मानाने किती, कवचांवरचे खळगे किती दाट, कवचे वक्षाहून लांब की आखूड, असा तपशील टिपावा लागतो. आणि एवढे करूनही निर्णय होत नाही, कारण एकाच जातीत यातील पुष्कळ लक्षणे बदलतात. पर्वतांवरच्या अनेक जातींत पंख झिजून गेलेले असतात आणि त्याबरोबर कवचेही आखूड व अरुंद होतात; असे उड्डाणहीन भुंगेरे एकेका डोंगराला चिकटून राहतात. त्यामुळे आखूड कवचाचा नमुना समोर आला की ती नवी जात, की जुन्याच जातीचा स्थानिक भेद, हा वाद उभा राहतो. फ्युसिपीससारख्या दूरवर पसरलेल्या जातीला देशोदेशीच्या संशोधकांनी परस्परांच्या नकळत निरनिराळी नावे दिली, आणि पुढच्यांना ती एकेक करून रद्द करावी लागली.

मग निर्णय लागतो कशावर? नराच्या जननेंद्रियावर. वाचकाला हे ऐकून संकोच वाटण्याचे कारण नाही. कीटकशास्त्रात ही अत्यंत प्रतिष्ठित आणि निर्णायक कसोटी आहे. १९१२ साली डेव्हिड शार्प आणि फ्रेडरिक म्यूर यांनी भुंगेऱ्यांच्या ढालपंखी गणातील नरांच्या जननेंद्रियांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला आणि तेथपासून या कसोटीला पक्का पाया मिळाला. कृती अशी: वाळलेला नमुना कोमट पाण्यात मऊ करतात, उदराचे शेवटचे खंड सुईने हलकेच अलग करतात. पेडेरसाच्या नरात आठव्या खंडाच्या खालच्या पट्टीला मध्यभागी खोल खाच असते, तिच्यावरून नर-मादी ठरते. आतील कठीण नलिका बाहेर काढून पोटॅशच्या द्रावणात ठेवली की सभोवारचे मांस विरघळते आणि नलिका स्वच्छ होते. मग ती ग्लिसरिनच्या थेंबात उताणी, पालथी, कुशीवर अशी वळवून सूक्ष्मदर्शकाखाली तिची आकृती काढतात. टोक कसे वळले आहे, दोन्ही बाजूंच्या शाखा टोकाच्या पुढे जातात की मागे राहतात, आतल्या पिशवीत काटे कोठे आहेत, यावरून जे भुंगेरे बाहेरून एकाच साच्यातून निघाल्यासारखे वाटतात ते चटकन अलग पडतात. शेवटी ती नलिका त्याच नमुन्याच्या टाचणीला, लहानशा नळीत किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवून ठेवतात, कारण शरीर एकीकडे आणि पुरावा दुसरीकडे झाला तर दोहोंचे मोल जाते.

हाच एक अवयव जातीजातीत इतका का बदलावा, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. फ्रान्सचे लेआँ द्यूफूर यांनी १८४४ साली कुलूप-किल्लीची उपपत्ती मांडली: प्रत्येक जातीच्या नराची किल्ली त्याच जातीच्या मादीच्या कुलपाला बसते आणि संकर टळतो. विल्यम एबरहार्ड यांनी १९८५च्या आपल्या ग्रंथात ती नाकारून मादीच्या निवडीला प्राधान्य दिले. मला दुसरी उपपत्ती अधिक पटते, कारण अनेक कीटकांत मादीकडचे कुलूप तितकेसे काटेकोर आढळत नाही. कारण कोणतेही असो, व्यवहारात अडचण एकच उरते: केवळ माद्या हाती आल्या तर या कसोटीचा उपयोग होत नाही. दिव्याखालून उचललेल्या एकुलत्या एका मादीवरून जात ठरवली असे कोणी सांगितले, तर तो दाखला खात्रीचा मानू नये. अलीकडे जनुकाच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्याची रीत, जी कॅनडाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ साली पुढे आणली, या ठिकाणी कामी येते. मादी, अळी, किंबहुना अर्धवट चिरडलेला किडाही तिला चालतो. पण तिलाही आधी खात्रीने ओळखलेल्या नमुन्यांचा साठा लागतो, आणि तो साठा तयार होतो तो शेवटी सुई-भिंगाच्या जुन्याच मेहनतीने.

येथे मूळ नमुन्याचे महत्त्व ध्यानात येते. जमिनीच्या तंट्यात नकला कितीही असल्या तरी मामलेदार जसा दप्तरातील मूळ दस्त मागवतो, तसे जातीच्या वादात ज्या नमुन्यावरून नाव दिले गेले तो नमुना पाहावा लागतो. एरिकसनच्या काळी असा एकच नमुना मुक्रर करण्याची वहिवाट नव्हती. एका नावाखाली अनेक नमुने असत, आणि त्यांत दोन जाती मिसळलेल्या निघाल्या तर पुढच्या संशोधकाला त्यातील एक निवडून त्यावर नाव कायम करावे लागे. आफ्रिकेच्या बाबतीत हे काम फार मोठे होते. ऑस्ट्रियाचे माक्स बर्नहाउअर, जे पेशाने नोटरी होते, यांनी जगभरच्या नमुन्यांचा केलेला प्रचंड संग्रह आज शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आहे. बेल्जियमचे गास्तों फागेल यांनी मध्य आफ्रिकेतील या कुलावर दीर्घकाळ लिहिले. आपल्या देशासाठी हे काम माल्कम कॅमेरॉन यांनी केले. ते ब्रिटिश आरमारातील शल्यवैद्य. पुढे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेशी संबंध आला, आणि ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत १९३० ते १९३९ या काळात त्यांनी या एका कुलावर खंडामागून खंड लिहिले. पेडेरस ज्यात येतो तो दुसरा खंड १९३१चा. २००१ साली अमेरिकेतील ली हर्मन यांनी या कुलातील पुष्कळ उपकुलांची जगाची सूची सात भागांत प्रसिद्ध केली, तेव्हा कोणते नाव ग्राह्य आणि कोणते रद्द याचा बराच उलगडा झाला. परंतु सूची म्हणजे सर्वेक्षण नव्हे. कॅमेरॉनचे खंड उघडले की हिमालय, निलगिरी, आसाम यांची नावे पानोपानी भेटतात. दख्खनच्या कोरड्या पठाराच्या वाट्याला त्या मानाने फार थोडे आले आहे. संशोधक जेथे हवा थंड आणि रान दाट तेथे जातो, आणि मैंदर्गीसारखा मुलूख रिकामा राहतो. भुंगेरे नाहीत म्हणून नव्हे, कोणी गोळा केले नाहीत म्हणून.

नाव चुकले तर काय बिघडते, असे कोणी विचारील. बरेच बिघडते. किडा परका ठरला की तो रोगराईसारखा वाटू लागतो, आणि मग गल्लीबोळांत, शेताच्या बांधावर औषधाची फवारणी सुरू होते. हा भुंगेरा आणि त्याची अळी, दोघेही शिकारी आहेत; भातावरच्या तुडतुड्यांसारख्या मऊ किडींवर ते उदरनिर्वाह करतात, म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूने उभे असतात. शिवाय कोणती जात कोणत्या ओलीत वाढते, वर्षातून केव्हा उडते, किती दूर जाते, हे जातीजातीत भिन्न असते. केनियातील जातीचा अनुभव सोलापूरच्या उसाला लावून चालणार नाही. पेडेरिन पेशींची वाढ रोखते म्हणून औषधशास्त्रज्ञांचे त्याच्याकडे लक्ष आहे, आणि कोणत्या जातीत कोणते जंतू व विषाचा कोणता प्रकार आहे हे जात निश्चित झाल्यावाचून सांगताच येत नाही.

स्वतःपुरती काळजी घेणे अवघड नाही. अंगावर किडा दिसला तर त्याला मारू नये; फुंकर घालून किंवा कागदाने दूर करावा. चुकून चिरडलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्यांना लावू नये. पावसाळ्यात अंथरुणाजवळचा दिवा अनावश्यक जळत ठेवू नये, आणि मच्छरदाणी वापरावी. फोड उठले तर ते एक ते तीन आठवड्यांत बहुधा बरे होतात, काळपट डाग काही दिवस राहतो. डोळ्याला त्रास झाला तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई करू नये.

आणि एक काम मैंदर्गी, दुधनी, अक्कलकोट या भागातील शाळांच्या विज्ञान-शिक्षकांनी व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. पावसाळ्यात दिव्याखाली मरून पडलेले असे किडे चिमट्याने उचलून लहान बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवावेत. एकच ठेवून भागणार नाही, आठ-दहा असावेत, म्हणजे त्यांत नर सापडण्याचा संभव वाढेल. बाटलीच्या आत कागदाची चिठ्ठी घालावी आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहावे, कारण शाई स्पिरिटात उतरते: गाव, तालुका, जिल्हा, तारीख, उसाच्या कडेला की घरातल्या दिव्याखाली, आणि गोळा करणाऱ्याचे नाव. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात १९५९ सालापासून आहे. तेथे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात त्या बाटल्या पोहोचवाव्यात. चिठ्ठीशिवाय पाठवलेला किडा शास्त्राच्या उपयोगी पडत नाही.